दादाच्या उंचीची सीट

सेंदाई, १२ डिसेंबर

नेत्रावहिनी,

सायकल मी टाकलेली नाही. आधी हे सांगून टाकतो, मग बाकीचं.

तुम्ही त्सुकुबाला जाताना म्हणाला होतात, सोदाई-गोमीत देऊन टाक. मी प्रयत्न केला, खरंच. मोठ्या कचऱ्याचं ते स्टिकर कोंबिनीच्या दुकानात मिळतं आणि मी कोंबिनीच्या काउंटरवरच काम करतो, त्यामुळे माझं स्टिकर मीच मला विकलं. सवयीने 'अरिगातो गोझाइमास' पण म्हणालो आणि वाकलो. पहाटे सायकल खाली नेऊन ठेवली, एका गादीच्या आणि मोडक्या पंख्याच्या शेजारी. वर चहा ठेवला, खिडकीतून बघत राहिलो. इथले कावळे किती मोठे असतात तुम्हाला माहीत आहे. मनालीला मी कॅफेत होतो तिथले डोमकावळेही यांच्यापुढे लाजतील. (तिथे एकाने माझ्या हातातला अख्खा पराठा नेला होता, ते नंतर कधीतरी.) तर एक कावळा येऊन बरोब्बर दादाच्या सीटवर बसला. नुसता बसला. मी चहा तसाच ठेवून खाली पळालो.

स्टिकर नखाने खरवडलं. अर्धं अजून मडगार्डवर आहे.

कागदावर का लिहितोय, तर तुम्ही मला फोनवर ब्लॉक केलं आहेत. स्टेशनवर मी 'तुम्ही सगळंच टाकून चाललात' म्हणालो, ते तुम्हाला लागलं असणार. लागायलाच हवं होतं, तेव्हा मला तसंच वाटत होतं. आता काय वाटतं ते नीट सांगता येत नाही.

सायकल मी रोज चालवतो. माझी पार्ट-टाइम बाइतोची शिफ्ट सकाळची असते, कोंबिनी वर टेकडीवर, युनिव्हर्सिटीच्या फाटकाजवळ. म्हणजे रस्ता तोच. दादाचा. नदीवरचा पूल, मग चढ, मग ते वळण. उतरतानाही तेच वळण.

सीट मी खाली केलेली नाही. दादा सहा फुटी, मी आईवर गेलेला. माझे पाय टेकत नाहीत, अंगठा टेकतो, तोही एका वेळी एकाच पायाचा. सिग्नलला थांबायचं म्हणजे फुटपाथचा कठडा शोधायचा. लिव्हर आहे, एका हाताचं काम आहे. दादाच्या लॅबमधला श्रीहरी रोज म्हणतो, "अरे लेले, सर्कस आहे का ही?" मी म्हणतो, करतो उद्या.

सांगलीला कॉलनीच्या मागच्या मैदानात दादाने मला शिकवलं तेव्हाही सीट उंचच होती. बाबांची सायकल ती. मी वर, आणि हा सीटला धरून शेजारून चालायचा. मी ओरडायचो, सोडू नको, सोडू नको. परत निघालो की धुळीत चाकाची एक रेघ दिसायची आणि तिच्या शेजारून त्याच्या चपला.

कुठे चाललो मी. विचारायचं हे होतं. पुढच्या आठवड्यापासून बर्फ सांगितलाय. चालवू की नको, ते तुम्हीच सांगा. दादाला तुम्ही कधी नको म्हणाला नाहीत, निदान मला तरी सांगा.

माझ्या पुतणीला, कादंबरीला पापा. हे पत्र तिला मराठीत वाचून दाखवू नका, मी तिला वेगळं चित्र पाठवतो.

अनुराग


सेंदाई, २८ डिसेंबर

वहिनी,

तुमचं उत्तर नाही. पोस्टाचा दोष नाही, इथलं पोस्ट कसं आहे ते आपल्याला ठाऊक आहे.

बर्फ पडला. सेंदाईचा बर्फ म्हणजे काही मोठा नाही, दुपारपर्यंत उन्हातला जातो. पण सावलीतला राहतो, रात्री गोठतो आणि सकाळी काचेसारखा होतो. याला हे लोक ऐसबान म्हणतात. चढावर केशरी पेट्यांत वाळू ठेवलेली असते, लागेल त्याने टाकायची. वळणावरच्या पेटीतली वाळू मी रोज थोडी टाकतो. मग ढकलत वर नेतो आणि शिफ्ट संपली की चालवत खाली येतो.

हो, चालवत.

एक गोष्ट सांगतो, हसू नका. बर्फ पडला की सगळे आवाज जातात. गाड्या असतात पण आवाज नसतो. मग फक्त दादाच्या सायकलचा डायनामो ऐकू येतो, चाकाला घासून घर्र घर्र करतो तो. ढगाळ असलं की दिवसाही दिवा लावतो मी. मी थांबलो की चाक थांबतं, चाक थांबलं की आवाज थांबायला हवा. थांबतो. पण जरा उशिरा थांबतो. माझ्यानंतर. मी मागे बघत नाही. एकदा बघितलं होतं, रस्ता पांढरा होता आणि कोणी नव्हतं. त्यानंतर बघत नाही.

श्रीहरीला सांगितलं. तो लॅबमध्ये दादाच्याच टेबलावर बसतो आता, म्हणून म्हटलं त्याला कळेल. तो म्हणाला, "बर्फावरून आवाज परत फिरत असेल. नाहीतर तुझं डोकं. मला दुसरं जास्त शक्य वाटतं." मग म्हणाला, "लेले, ऐक. तुझा दादा घर्षणावर पेपर लिहायचा आणि तरी घसरला. तू तर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातच घसरलास. तू बसने ये."

बसमध्ये मला कोंडल्यासारखं होतं. दादा म्हणायचा, याला लहानपणी पाळण्यातही बांधून ठेवावं लागायचं.

पोलिसाचं सांगायचं राहिलंच. पुलाच्या अलीकडे परवा एका तरुण पोलिसाने थांबवलं. परदेशी माणूस, सायकल मापाची नाही, त्याला वाटलं असेल चोरीची. मी कठडा शोधून उतरलो, तोवर तो शांतपणे थांबला. नाव विचारलं. म्हटलं, रेरे. (लेलेचं इथे रेरे होतं यावर तुम्ही आणि दादा पहिल्या वर्षी किती हसला होतात.) त्याने फ्रेमवरच्या रजिस्ट्रेशनच्या स्टिकरचा नंबर वायरलेसवर वाचून दाखवला. तिकडून एका बाईचा आवाज आला, अगदी स्वच्छ, दादाचं नाव घेत: "रेरे सारांगु-सान."

पोलिसाने माझ्याकडे बघितलं. "सारांगु-सान?"

मी म्हणालो, "हाय." म्हणजे हो.

का म्हणालो? नाही म्हटलं असतं तर सगळं सांगावं लागलं असतं, आणि मरण पावला याचं जपानी क्रियापद माझ्या तोंडातून अजून नीट येत नाही. भाषाशाळेत शिकवलंय. पण ते खरं कारण नाही वाटत. कोणीतरी त्याला हाक मारली, इतक्या दिवसांनी, आणि ओ द्यायला कोणी नव्हतं.

पोलिसाने टोपीला हात लावला आणि म्हणाला, "रस्ता गोठलाय, सारांगु-सान. उतरून ढकलत न्या."

पुढे गेल्यावर मला वाटलं, हे दादाला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. मग लक्षात आलं, आत्ताच सांगितलं. फक्त उशिरा.

अनुराग


सेंदाई, १६ जानेवारी

नेत्रावहिनी,

तुमचं पत्र मिळालं. उभ्यानेच वाचलं, कोंबिनीच्या मागे, पुठ्ठे दुमडतो तिथे.

सायकल चोरीला गेली असं मला वाटत होतं, देवाशपथ. भाषाशाळेसमोर लावली होती, स्टँडच्या बाहेर, सगळेच लावतात. परत आलो तर नाही. पालिकेचा टेम्पो येऊन उचलून नेतो हे माहीत होतं. मालकाला घरी कार्ड जातं हेही ऐकलं होतं. पण मालक कोण, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि आपल्या जुन्या घरचं टपाल तुम्ही त्सुकुबाला वळवून घेतलं आहे हेही नाही.

म्हणजे कार्ड दादाच्या नावाने तुमच्या दारात आलं. आणि ते कादंबरीने उचललं.

तुम्ही लिहिलंय ते मी परत परत वाचतोय. ती आता तुमच्यापेक्षा भरभर जपानी वाचते. तिने कार्ड वाचलं, "लेले सारंग-सामा, आपली सायकल आमच्याकडे जपून ठेवली आहे, कृपया घ्यायला यावे," आणि तुम्हाला येऊन म्हणाली की बाबांना बोलावलंय, बाबा सायकल आणायला जातील ना, मग आपणही सेंदाईला जाऊया, तिथेच भेटतील. जपानीत म्हणाली. तुम्ही मराठीत उत्तर देत होतात आणि ती जपानीतच विचारत राहिली. मग ती बूट घालून दारात बसली.

वहिनी, तेवढं वाचून मी पत्र खिशात घातलं आणि राहिलेले पुठ्ठे दुमडले.

दुसरं जे लिहिलंत ते. मी म्हणालो होतो ना, तुम्ही दादाला कधी नको म्हणाला नाहीत. तुमचं वाक्य तसंच उतरवतो: "मी रोज नको म्हणत होते. सकाळी, दारात, हातात त्याचे हातमोजे धरून. तू तेव्हा झोपलेला असायचास."

हे खरं आहे. तुमच्या घरात राहायचो आणि मी उठायचो तोवर दादा गेलेला असायचा. मला फक्त त्याचं येणं माहीत होतं. लाल नाक घेऊन यायचा आणि म्हणायचा, "बघ, एकदाही पाय टेकला नाही." तुमच्या घराची सकाळ मी कधी बघितलीच नाही.

आणि तुमची अट. बर्फात पुन्हा त्या सायकलवर बसलास तर कादंबरीला भेटायचं नाही. "एका लेलेसाठी ती हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसली. दुसऱ्यासाठी मी तिला बसवणार नाही."

समजलं.

सायकल मी उद्या सोडवून आणतो. टाकणार नाही, तेवढं मागू नका. पण बसणार नाही असं लिहून देण्याआधी एक सांगू का? तुम्हाला वाटतं मला वारं लागतं म्हणून चालवतो, हुंदडायला. तसं नाही. मी वळणावरून उतरतो आणि पडत नाही. दुसऱ्या दिवशी उतरतो, पडत नाही. पाय टेकत नसताना, मी, ज्याला सरळ चालताही येत नाही असं बाबा म्हणायचे. म्हणजे जमतं ना? मला जमतं तर दादाला जमायलाच हवं होतं. मग तो पडलाच नसणार, असं खाली पोचेपर्यंत वाटत राहतं. पुलापाशी पोचलो की संपतं. म्हणून मग दुसऱ्या दिवशी परत.

हे मी कोणाला बोललो नव्हतो.

अनुराग


३० जानेवारी

वहिनी, अक्षर डाव्या हाताचं आहे. थोडक्यात लिहितो.

श्रीहरीने तुम्हाला फोन केला हे कळलं. त्याने काय सांगितलं ठाऊक नाही म्हणून मी सांगतो. उजवं मनगट मोडलंय, डोकं ठीक आहे. प्लॅस्टर आहे. बाकी काही नाही.

वळणावरच. वाळू टाकली होती, तिच्यावर परत बर्फ पडला आणि दिसेना. मागचं चाक गेलं, मी पाय खाली टाकला आणि खाली काही नव्हतं. सीट उंच होती.

रस्त्यावर पडून होतो थोडा वेळ. बर्फ अंगावर पडत होता. समोर एक पेयांचं मशीन आहे, गरम डब्यांची रांग लाल आणि थंड डब्यांची निळी. दादाला शेवटचं हेच दिसलं असणार. मी काहीतरी वेगळं असेल असं समजत होतो. काही नव्हतं. मशीन होतं, कॉफी होती, मक्याचं सूप होतं.

आणि दादाचे तर पाय टेकत होते. तरी पडला. म्हणजे सीटचा संबंध नाही, मी पडलो न पडलो त्याचाही नाही. तो पडला.

हॉस्पिटलमध्ये श्रीहरी आल्या आल्या म्हणाला, "तुमच्या घराण्यात ब्रेक नावाची वस्तू आहे का रे?" मग त्याने कॉरिडॉर बघितला. तोच आहे, वहिनी. तीच हिरवी बाकं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि मी, प्लॅस्टर ओलं असलेला, त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिलो.

कादंबरीला सांगू नका. किंवा सांगा. तुम्ही ठरवा. अट मी मोडली, आता वर्षश्राद्धाला तुम्ही तिला आणलं नाहीत तर मी काही म्हणणार नाही.

अ.


सेंदाई, २२ फेब्रुवारी

नेत्रावहिनी,

तुम्ही तिला आणलंत. गाडीतून ती उतरताना दिसेपर्यंत माझी खात्री नव्हती.

परवाचं सगळं तुम्हाला माहीतच आहे, तुम्ही तिथे होतात, पण मला ते लिहून बघायचंय. श्रीहरीची खोली, स्टूलवर लॅपटॉप, लॅपटॉपमध्ये पुण्याचे गुरुजी. काळे तीळ टोकियोतल्या ओजिमाच्या भारतीय दुकानातून मागवलेले. गुरुजी म्हणाले, उजव्या हाताने पाणी सोडा. मी प्लॅस्टर वर केलं. "अरेरे, हाताला काय झालं?" आणि तुम्ही, इतका वेळ एक शब्द न बोललेल्या, म्हणालात, "सायकल." त्या एका शब्दात तुम्ही मला जेवढं झोडपलंत तेवढं बाबांनी आयुष्यात झोडपलं नाही. मग म्हणालात, "मी सोडते पाणी." गुरुजींनी तोंड उघडलं आणि श्रीहरीने हळूच वायफाय बंद केलं. "नेटवर्क गेलं हो," म्हणाला, सगळ्या खोलीला. तुम्ही पाणी सोडलंत. कादंबरीने तांब्या धरला होता. तुम्ही हसलात की रडलात ते मला कळलं नाही, मी तिळांकडे बघत होतो.

मग तिने सायकल बघायची म्हटलं.

मागच्या छोट्या सीटमध्ये ती आता मावत नाही, गुडघे बाहेर येतात. तरी बसली. मी डाव्या हाताने हँडल धरलं, उजवं कोपर तिच्या पाठीशी, आणि ढकलत चढ चढलो. तुम्ही पुढे चालत होतात, मागे न बघता. वळणावर उतरून तिने मशीनमधून गरम कोको घेतला आणि वाळूच्या पेटीवर ठेवला. मला वाटलं ती विचारेल, बाबा कुठे. तिने मला विचारलं, "काका, सीट इतकी उंच का? तुझे पाय आखूड आहेत." मराठीत विचारलं, वहिनी. तुम्ही तेव्हा मागे वळलात.

मी म्हणालो, "ती बाबांची उंची आहे."

ती म्हणाली, "पण बाबा बसत नाहीत."

तुम्ही आलात, मी काही बोलायच्या आत लिव्हर सैल केलीत आणि सीटवर दोन्ही हातांनी जोर दिलात. करकरली, मग गेली खाली. दांड्यावर जिथे ती इतके दिवस होती तिथे गंजाचं एक कडं होतं, ते नळीत गेलं. तुम्ही लिव्हर आवळलीत आणि हात कोटाला पुसलेत. "आता टेकतील," म्हणालात. मग मी बसून बघितलं. दोन्ही टाचा. सबंध टाचा जमिनीवर. इतका बुटका मी मला कधी वाटलो नव्हतो.

बस आली तेव्हा पायरीवरून तुम्ही विचारलंत, "अनुराग, चालवणार आहेस अजून?" दार लागलं, मी उत्तर दिलं नाही. ते आता देतो.

बस गेल्यावर बर्फ सुरू झाला. सगळा उतार रिकामा, पाय टेकत होते, एक हात तर एक हात, सुटलो असतो तर खाली पोचलो असतो. नाही बसलो. ढकलत निघालो. डायनामो हळूहळू घर्र घर्र करत होता. पुलापाशी मी थांबलो. चाक थांबलं. आवाज माझ्याबरोबरच थांबला. मी बराच वेळ कान देऊन उभा राहिलो, पण मागून काही आलं नाही.

म्हणून, नाही. बर्फ आहे तोवर बसणार नाही. वसंतात बघू. तेव्हा तुम्ही सही दिलीत तर माझ्या नावावर करून घेईन, म्हणजे कोणी हाक मारली तर मला मारेल. त्सुकुबाला यायचं असेल तर बसने येईन, कोंडलं तरी.

तिथे उभा होतो तेव्हा मागे वळून बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. ताज्या बर्फात वळणापासून पुलापर्यंत चाकाची एक रेघ आली होती आणि तिच्या शेजारून, तिला न सोडता, एकाच माणसाचे बूट. यावेळी चालणारा मी होतो.

तुमचा,
अनुराग